माडीवरचा स्विच

वायरमनने आल्या आल्या विचारलं, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर कुठं ठेवायचा. "टीव्हीखालच्या कपाटात बसतोय बघा वहिनी. सगळ्यांच्यात तिथंच असतोय." खरं होतं त्याचं. आमच्याकडे बहुतेक घरांत रेकॉर्डर टीव्हीखाली, इन्व्हर्टर जिन्याखाली आणि इंटरनेटचा राउटर दारामागे खिळ्याला टांगलेला. पण आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचा टीव्ही, ते कपाट, जिन्याखालचा इन्व्हर्टर आणि दारामागचा राउटर असे सगळे एकाच गढूळ पाण्यात होते. म्हणून त्याला सांगितलं, खालच्या मजल्यावर कॅमेरे राहतील आणि त्यांची एकेक वायर. बाकी सगळं माडीवर.

"मग वायर लई लागंल."

"लागू दे की."

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. ह्यांची नोकरी पुण्याला, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. घरात मी, अकरावीतली मुलगी आणि सासूबाई. कॅमेऱ्यांचा विषय निघाला तो चोरांपेक्षा सासूबाईंमुळे. २०१९ ला पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तरी त्या उंबरा सोडायला तयार नव्हत्या. "कुलूप लावून जायचं आणि मागनं कोण शिरलं तर?" शेवटी होडीतून न्यावं लागलं. २०२१ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा पुन्हा तोच वाद, तीच वाक्यं. लांब राहून घर बघता आलं तर बाई वेळेवर निघतील, एवढा साधा विचार होता.

पण त्यामुळे एक अट आपोआप आली. हे कॅमेरे नेमके वीज नसताना चालले पाहिजेत. पाणी डीपीच्या जवळ यायला लागलं की महावितरण त्या भागाचा पुरवठा बंद करतं, आणि करायलाच पाहिजे. म्हणजे आपल्याला घर बघायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा बोर्डात वीज नसते. ही अट समोर ठेवल्यावर बाजारातले निम्मे पर्याय तिथंच गळाले.

वायफायचा कॅमेरा घ्यायला सोपा. पण त्याला वायफायने चित्र जातं, वीज जात नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा अॅडॉप्टर, प्रत्येक अॅडॉप्टरला वेगळा सॉकेट, आणि ते सॉकेट खालच्या मजल्यावर. शिवाय आमच्या जुन्या भिंती दीड-दीड फुटाच्या. माडीवरचं वायफाय ओसरीत येईपर्यंत दमतं.

वायरमनचा पर्याय होता जुन्या पद्धतीचा: थ्री प्लस वन केबल, एकीतच चित्राची आणि विजेची तार, आणि डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डरशेजारी एक मोठा पॉवर सप्लाय. तो वाईट नाही, वीज तिथंही एकाच जागेवरून जाते. पण ती जाते १२ व्होल्टने. आमचा परड्याकडचा कॅमेरा माडीपासून वायरीच्या मापाने चाळीस मीटरच्या पुढे पडतो. बारीक तारेतून १२ व्होल्ट एवढे लांब गेले की शेवटाला दहा-साडेदहा उरतात. दिवसा कॅमेरा चालतो, आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होतो, रात्रभर. दुकानातल्या गोडाऊनवर हे मी रोज बघत होते.

पीओईत, म्हणजे नेटवर्कच्याच वायरीतून वीज देण्याच्या पद्धतीत, दाब ४८ व्होल्टच्या आसपास असतो. तेवढेच वॅट पोचवायला प्रवाह एक चतुर्थांश लागतो. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून नुकसान एक सोळांश. मुलीच्या फिजिक्सच्या पुस्तकात हे सूत्र आहेच. तिने ते वहीत मांडून वायरमनला दाखवलं, त्याने वही उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "मग हेच घ्या की."

सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी ज्या पेटीत येतात आणि जी त्यांना वीज देते तिला पीओई स्विच म्हणतात. या स्विचची मला आवडलेली गोष्ट अशी की तो आधी विचारतो आणि मग वीज देतो. पोर्टमध्ये वायर घातली की तो अगदी थोडा दाब देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो. असला तर पलीकडे वीज घेणारं यंत्र आहे असं समजतो, त्याचा वर्ग, म्हणजे तो किती वॅट मागणार ते, बघतो आणि मगच ४८ व्होल्ट सोडतो. लॅपटॉप लावला तर काहीच सोडत नाही. याचं पहिलं मानक २००३ चं, ८०२.३ एएफ: स्विचकडून १५.४ वॅट निघतात आणि १०० मीटर वायरीतली घट धरून कॅमेऱ्याला १२.९५ मिळतील याची हमी. २००९ मध्ये ८०२.३ एटी आलं, ते ३० वॅटचं. २०१८ च्या बीटीने मजल ९० वॅटपर्यंत नेली, पण घराच्या कॅमेऱ्याला त्याचं काही काम नाही. बाजारात 'पीओई' असा कागद चिकटवलेले काही स्वस्त स्विच मात्र विचारत-बिचारत नाहीत, वायर घातली की थेट २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतात. त्यांना पॅसिव्ह म्हणतात. खोक्यावर ८०२.३ एएफ किंवा एटी हे आकडे छापलेले नसतील तर ते खोकं काउंटरवरच ठेवून यावं.

आता वॅटचा हिशेब. इथं मी रमले, कारण हे माझं रोजचं काम.

खोक्यावर लिहिलेलं होतं, आठ पोर्ट, प्रत्येकी ३० वॅटपर्यंत. वाचणारा आठ गुणिले तीस करतो आणि २४० वॅट मिळाले म्हणून खूश होतो. त्याच खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकूण क्षमता लिहिलेली असते, आमच्यावर ९६ वॅट होती. कुठल्याही एका पोर्टला ३० मिळतील, सगळ्यांना मिळून ९६. आणखी एक खुबी आहे. आमचे कॅमेरे दिवसा चार वॅटच्या आसपास खातात आणि रात्री दिवे लागल्यावर सहा-सात. सहा कॅमेऱ्यांचे झाले ४२. पण काही स्विच प्रत्यक्ष खर्च बघत नाहीत, कॅमेऱ्याचा वर्ग बघून तेवढे वॅट बाजूला काढून ठेवतात. बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करावी आणि आपण त्यातले निम्मेच उचलावेत, तसं. कॅमेरा तिसऱ्या वर्गातला असेल तर प्रत्येकाच्या नावावर १५.४ लागतात. सहाचे ९२.४. बसले. सातवा लावला की १०७.८, आणि स्विच त्याला वीज नाकारतो. मग माणूस म्हणतो कॅमेरा खराब निघाला आणि तो बदलायला दुकानात जातो. आम्ही सहावर थांबलो. फिरणारा, झूम होणारा कॅमेरा ह्यांना फार हवा होता, पण तो एकटाच वीस-पंचवीस वॅट मागतो, आणि तो उजवीकडे वळलेला असताना चोर डावीकडून येतो. नाही घेतला.

वायर घेताना मात्र खरी मजा आली. कॅट सिक्सचं, म्हणजे या नेटवर्कच्या वायरीचं, खोकं ३०५ मीटरचं येतं, म्हणजे १००० फूट. बाहेरून सगळी खोकी सारखीच. आतली तार कधी पूर्ण तांब्याची असते आणि कधी अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. मुलाम्याची तार चित्र नेते, पण वीज न्यायला वाईट: रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तार तापते, आणि कनेक्टरमध्ये दाबलेल्या ठिकाणी काही दिवसांनी तुटते. पीओईच्या मानकात ती बसतच नाही. दुकानदार शपथेवर सांगत होता, "ओरिजिनल कॉपर आहे मॅडम." चाकूने तार खरवडून आत पांढरं दिसतं का बघायचं हा नेहमीचा उपाय आहे, पण सीलबंद खोकं कोण खरवडू देतंय?

तर मी घरी बसून हिशेब केला. २३ गेजची तार जेमतेम ०.५७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे छेद साधारण ०.२५८ चौरस मिलिमीटर. खोक्यात अशा आठ तारा, प्रत्येक ३०५ मीटर. तांब्याची घनता ८.९६. गुणाकार केला की नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, पिळामुळे थोडं आणखी. अॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं, त्यामुळे मुलाम्याच्या तारेत धातू दोन-सव्वादोन किलोच निघेल. वरचं प्लास्टिक दोघांचं सारखंच धरलं तरी दोन खोक्यांत तीन किलोहून जास्त फरक पडलाच पाहिजे. आणि वजनकाट्याची आम्हाला काय कमतरता? दुसऱ्या दिवशी दोन दुकानांतून दोन खोकी परतीच्या बोलीवर मागवली आणि हळदीची पोती मोजतो त्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक करून ठेवली. हमाल मंडळी जमली. फरक तीन किलोंच्या पुढे होता. हलकं खोकं त्याच रिक्षाने परत गेलं. तेव्हापासून आमच्या लायनीतल्या दोन-तीन दुकानांत वायर काट्यावर घालून घेतात असं ऐकते.

वायर ओढायचं काम पुतण्याने आणि वायरमनने केलं. आतून केसिंग पट्टीत, बाहेरून काळ्या आवरणाची वायर पाइपातून. पांढरी घरातली वायर उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. टोकं मुलीने क्रिम्प केली, म्हणजे तारा ठरलेल्या क्रमाने कनेक्टरमध्ये दाबून बसवल्या. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: हा क्रम तिला आता पाढ्यासारखा पाठ आहे आणि स्वयंपाक करताना मलाही झालाय. कॅमेऱ्याची शेपटी आणि आपली वायर जिथं जोडली जाते ती जागा सगळ्यात नाजूक. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. तो जोड उघडा राहिला तर साध्या पावसातही टिकत नाही. म्हणून प्रत्येक जोड बंद डबीत, आणि डबीत शिरण्याआधी वायरीला थोडा झोल द्यायचा, पाणी तिथून खाली गळतं. हा झोल वायरमनला दिसायला आवडेना. "ताणून मस्त सरळ करतो की." नको म्हटलं.

गच्चीवरच्या कॅमेऱ्याला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारी डबी, लावलाय. एप्रिल-मेमधला वळीव आमच्याकडे पावसाआधी विजाच घेऊन येतो. वीज अंगावर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी लांब तारेत दाबाचा झटका येतो आणि तो स्विचपर्यंत चालत जातो. या डबीला हिरवी अर्थची तार असते आणि ती घराच्या अर्थिंगला जोडलेली नसेल तर डबी लावून उपयोग शून्य. आमचा अर्थिंगचा खड्डा २०१९ च्या गाळाखाली गेला होता, तो नव्याने मीठ-कोळसा घालून करून घेतला. हा खर्च कुणी धरत नाही. धरावा.

भाऊजींचं घर बोळाच्या पलीकडे. त्यांनाही दोन कॅमेरे आमच्याच रेकॉर्डरवर हवे होते. साधी वायर बोळावरून टाकली असती तर सोपं होतं, पण दोन घरांचे मीटर वेगळे, अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असतो, आणि विजांच्या दिवसात तो बराच वाढतो. तांब्याची तार दोन्ही घरांना जोडली की तो फरक आपल्या स्विचमधून वाहणार. म्हणून तिथं फायबर. काचेतून उजेड जातो, करंट जात नाही. आमच्या केबलवाल्याने दोन्ही टोकं जोडून दिली आणि दोन बाजूंना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेतला उजेड आणि नेटवर्कची वायर यांची सांगड घालणाऱ्या डब्या, बसले. एकाच काचेतून येणं-जाणं असल्यामुळे एक कन्व्हर्टर १३१० नॅनोमीटरने बोलतो आणि १५५० ने ऐकतो, दुसरा बरोबर उलटा. त्यांना ए आणि बी म्हणतात. दुकानातून दोन्ही ए आले होते. दोघेही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. दिवा लागेना म्हणून केबलवाल्याने काच तपासली, पुतण्याने वायर तपासली, आणि शेवटी मुलीने खोक्यांवरची अक्षरं वाचली. भाऊजींच्या माडीवर आता चार पोर्टचा लहान स्विच आहे, त्यांच्या स्वतःच्या इन्व्हर्टरवर.

कॅमेरा किती उंचीवर लावायचा यावर घरात दोन तट पडले होते. ह्यांचं म्हणणं उंच लाव, हात पोचणार नाही. पण बारा फुटांवरून माणूस दिसतो म्हणजे टोपी दिसते. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांच्या डोक्यावर टोपी, उरलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट. चेहरा पाहिजे असेल तर आठ-नऊ फूट पुरे. आणि लेन्स. दुकानदार सरसकट २.८ मिलिमीटरची देतात कारण तिच्यात सगळं अंगण मावतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. अनोळखी चेहरा ओळखायचा तर चित्रात १ मीटर रुंदीला २५० पिक्सेल पडावेत असं मानक आहे. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे चित्रात साधारण १० मीटर रुंदी मावते तिथपर्यंतच चेहरा ओळखीचा. २.८ च्या लेन्सला ही हद्द चार-साडेचार मीटरवर संपते. त्यापुढे कुणीतरी माणूस आहे एवढंच कळतं. म्हणून फाटकाला ६ मिलिमीटरची लेन्स घेतली, तीत अंगण दिसत नाही, फक्त फाटक दिसतं. सासूबाई म्हणाल्या, तुळस दिसत नाही. तुळशीला ओसरीवरचा दुसरा कॅमेरा आहे.

फाटकाच्या कॅमेऱ्यात समोरच्या काकूंचं दार येत होतं. त्या लगेच काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस दारात बसून भाजी निवडायच्या त्या आत बसायला लागल्या. मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या दारावर काळा चौकोन टाकला. प्रायव्हसी मास्क म्हणतात, तो भाग रेकॉर्डच होत नाही. काकूंनी चष्मा लावून नीट बघितलं. "दार झाकलंस ते बरं केलंस. पण माझी स्कूटी तेवढी राहू दे गं त्यात." चौकोन थोडा आखडता घेतला.

रेकॉर्डिंगचं गणित सोपं आहे आणि एकदा कळलं की दुकानदाराला विचारावं लागत नाही. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. मी प्रत्येक कॅमेरा एच.२६५ वर, म्हणजे चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीवर, २ मेगाबिटला बांधलाय. आमचे सहा आणि भाऊजींचे दोन, आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला १७२.८ जीबी. ६ टीबीची डिस्क घेतली, ३४ दिवस पुरतात, मग जुनं पुसत नवं लिहिलं जातं. डिस्क कॅमेऱ्यांसाठी बनवलेली घ्यावी, कॉम्प्युटरची साधी डिस्क दिवसरात्र लिहिण्यासाठी नसते.

घड्याळाकडे लोक बघत नाहीत. आमच्या ओळखीत एका चोरीच्या वेळी चित्र स्पष्ट होतं, पण त्यावरची वेळ वीस मिनिटं पुढे आणि तारीख कुठल्यातरी जानेवारीची. रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ घेतो आणि कॅमेरे रेकॉर्डरकडून, असं लावून ठेवलं की प्रश्न मिटतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे असं फुटेज कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. म्हणून कुणी पेन ड्राइव्हवर फुटेज मागितलं तर मूळ डिस्कला हात न लावता प्रत काढून द्यायची.

पासवर्डबद्दल दोनच शब्द. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड तसेच ठेवलेले जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर डिन या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षेच्या नव्या चाचण्या लागू झाल्या आहेत. घेताना त्या कॅमेऱ्याची ती नोंद आहे का ते विचारावं. आमच्याकडे कॅमेऱ्यांना इंटरनेटचा रस्ताच दिलेला नाही. ते फक्त रेकॉर्डरशी बोलतात, बाहेर जातो तो रेकॉर्डर. वायरमनने सगळ्यांना एकच पासवर्ड टाकला होता, कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तो गेल्यावर सगळे बदलले. नवे माझ्या वहीत आहेत आणि वही दुकानात आहे.

रात्रीचा शत्रू कोळी. इन्फ्रारेडच्या उबेला आणि उजेडाला बारीक किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि बरोबर काचेसमोर जाळं विणतो. पहाटे तीनला फोन वाजतो, हालचाल दिसली म्हणून, आणि स्क्रीनभर एक पांढराशुभ्र पाय. मृगाचा पहिला पाऊस झाला की पाखरांचे थवेच्या थवे. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे दिवे मी बंदच करून टाकले आणि चार हात बाजूला एक साधा एलईडी दिवा लावला. पाखरं दिव्यावर जातात, कॅमेरा मोकळा, शिवाय रात्रीही रंगीत चित्र. महिन्यातून एकदा लांब काठीच्या झाडूने सगळे कॅमेरे झाडायचे. शेताकडच्या घरांना हे जास्त करावं लागेल. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात त्या दिवसांत काळी राख इथपर्यंत उडत येते.

गच्चीवरचा कॅमेरा गल्लीच्या उताराकडे तोंड करून आहे. तिथल्या आमच्याच भिंतीवर पुतण्याने पांढऱ्या रंगाने फुटाच्या खुणा काढल्यात, रात्री दिसतील एवढ्या जाड. पुलाजवळचे आकडे फोनवर येतच असतात, ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हेही कळतं. पण पुलावरचे ४५ म्हणजे आमच्या पायरीवर किती, हे त्या खुणांवरूनच कळणार. सासूबाईंना सगळ्या चित्रांत हे एकच आवडतं. दुपारी झोपून उठल्या की टॅबवर आधी त्या खुणा बघतात. फेब्रुवारीतसुद्धा.

आता इन्व्हर्टर, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. तो जिन्याखालून माडीवरच्या गॅलरीत नेला, बॅटरीला हवा लागते म्हणून गॅलरीत. मागच्या बाजूला एक बटण असतं, यूपीएस मोड आणि इको मोड. बहुतेक घरांत ते इकोवर असतं. पंख्याला चालतं, पण रेकॉर्डर वीज जाता-येता बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि डिस्क खराब व्हायची वेळ येते. यूपीएसवर टाका. बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. घट धरून आणि बॅटरी तळापर्यंत न पिळता मी त्यातले ६० टक्केच मोजते, १०८०. स्विच, सहा कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर मिळून रात्री ८० वॅटच्या आसपास. साडेतेरा तास झाले. पंखे आणि दिवे त्या लाइनवर नसतील तरच, हे विसरायचं नाही. निघताना माडीवरचे ते एमसीबी खाली पाडायचे अशी चिठ्ठी मुलीने बोर्डावर चिकटवलीय.

साडेतेरा तास पुराला पुरत नाहीत, पाणी उतरायला कितीतरी दिवस लागतात. यावर स्विचचाच एक उपयोग सापडला. आमचा स्विच थोडा हुशार जातीचा आहे, त्याचं पान फोनवर उघडून एकेका पोर्टची वीज बंद करता येते. घराला कुलूप पडलं की चार कॅमेरे बंद करायचे, फाटक आणि गल्लीचा उतार एवढे दोन ठेवायचे. मग ८० चे ५० वॅट होतात आणि साडेतेराचे एकवीस तास. बाहेरचं इंटरनेट कधी जाईल ते आपल्या हातात नाही, केबलवाल्याचं सामानही याच पाण्यात असणार. राउटरला एक मोबाइलचं सिम लावून ठेवलंय, टॉवर उभा असेल तोवर चालेल.

ह्यांचं म्हणणं गच्चीवर सोलर पॅनेल टाकू. मला ते पटत नाही, कारण पूर येतो तो सात-सात दिवस ऊन न दिसणाऱ्या पावसात, आणि तेव्हा पॅनेल किती देणार? त्यापेक्षा त्याच पैशात दुसरी बॅटरी घ्यावी असं मी म्हणते. एकवीसचे बेचाळीस तास होतील. फक्त गॅलरीच्या फरशीवर दोन बॅटऱ्यांचं वजन चालेल का, ते आधी गवंड्याला विचारायचंय. तो सध्या मिरजेला एका कामावर आहे, रविवारी येतो म्हणालाय.